स्कॉलरशिप बंद झालेला विद्यार्थी

आमच्या मेसमध्ये युनिव्हर्सिटीला शिव्या घालणं हा जेवणाइतकाच नियमित कार्यक्रम आहे. निकाल उशिरा, पेपर सिलॅबसबाहेरचा, रिव्हॅल्युएशनचे पैसे पाण्यात... मीही त्यात मागे नसतो. पण गेल्या सुट्टीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी वाचलं, आणि युनिव्हर्सिटीशी भांडायचं तर कसं, हे जरा वेगळंच दिसलं.

रानडे म्हटलं की आपल्याला शाळेचं पुस्तक आठवतं. पगडी, प्रार्थना समाज, सामाजिक सुधारणा आणि पाच मार्कांची टीप. मला मात्र त्यांच्यातला विद्यार्थी जास्त आवडला.

जन्म १८४२ चा, निफाडचा. शिक्षण आधी कोल्हापूरला, मग मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये. मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ साली निघाली आणि १८५९ च्या पहिल्याच मॅट्रिकला रानडे बसले. १८६२ साली बी.ए. झालेली पहिली बॅच किती जणांची? चौघांची! रानडे, रा. गो. भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आपल्या एका प्रॅक्टिकल बॅचमध्ये याहून जास्त मुलं असतात. पुढे १८६४ ला एम.ए., १८६६ ला एलएल.बी. वाचन इतकं अफाट, की डोळे कायमचे अधू झाले. (ही गोष्ट आमच्या रूममधल्या काहींनी अभ्यास न करण्याचं कारण म्हणून लगेच उचलली.)

याच काळात एक भानगड झाली. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, आणि इंग्रजी राज्याला कमी लेखलं. प्रिन्सिपॉल होते सर अलेक्झांडर ग्रँट. त्यांनी रानड्यांना बोलावून घेतलं. जे सरकार तुम्हाला शिकवतंय त्यालाच नावं ठेवता, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. नुसतं रागावून ते थांबले नाहीत, सहा महिने स्कॉलरशिप बंद! स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या मुलाला सहा महिने म्हणजे काय, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

गंमत पुढेच आहे. हेच ग्रँट १८६० च्या दशकात युनिव्हर्सिटीचे व्हाइस चॅन्सलरही होते, आणि त्यांच्याच काळात, १८६५ साली, रानडे युनिव्हर्सिटीचे फेलो झाले. म्हणजे परीक्षेला बसणारा मुलगा कारभारात मत देणारा झाला. पुढे काही काळ त्यांनी एल्फिन्स्टनमध्ये शिकवलंही. ग्रँटसाहेबांविषयी त्यांच्या मनात अढी राहिली नाही म्हणतात. मला हे थोडं अवघड वाटतं, मी असतो तर जन्मभर लक्षात ठेवलं असतं. पण निबंधातलं मत रानड्यांनीही सोडलं नव्हतं, ते नंतर कळलं.

१८७१ पासून ते पुण्यात न्यायाधीश. सार्वजनिक सभा, वसंत व्याख्यानमाला, औद्योगिक परिषदा, किती सांगू! आपल्या लायनीतलं एकच सांगतो. नुसता कच्चा माल पिकवून देश वर येणार नाही, इथे कारखाने निघाले पाहिजेत, असं ते सतत मांडत. लोखंड गाळण्याच्या भारतातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांवर या जज्जाने १८९२ साली निबंध लिहिलाय.

१८९३ साली न्या. काशिनाथ त्रिंबक तेलंग वारले. ते युनिव्हर्सिटीचे पहिले भारतीय व्हाइस चॅन्सलर. हायकोर्टातली त्यांची जागा रानड्यांना मिळाली, आणि व्हाइस चॅन्सलर झाले बॅचमेट भांडारकर. रानडे पुन्हा मुंबईला आले आणि त्यांनी युनिव्हर्सिटीच्या कामात लक्ष घातलं. या वर्षांत त्यांनी एक विलक्षण विषय घेतला. पदवीधर इतक्या तरुणपणी मरतात का? स्वतःचे डोळे घालवून बसलेल्या माणसाने परीक्षांच्या ओझ्याचा हिशेब मांडायला घेतला. तेव्हा एटीकेटी नव्हती हे लक्षात घ्या.

मोठं भांडण मात्र मराठीचं. सुरुवातीला युनिव्हर्सिटीच्या परीक्षांत मराठी होती. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून ती गेली आणि संस्कृत वगैरे अभिजात भाषा आल्या. मराठीत एम.ए.ला लावण्याजोगं आहेच काय, हा विरोधकांचा प्रश्न. रानडे भावनेने बोलले नाहीत. त्यांनी छापील पुस्तकांच्या सरकारी याद्या काढल्या, किती ग्रंथ झाले, कशावर झाले ते मोजलं, आणि १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिलं. शत्रूच्या आकड्यांनीच शत्रूला गप्प करायचं! अर्थात इथे शत्रू म्हणजे आपलीच युनिव्हर्सिटी. सभा झाल्या, मतं पडली, नकार आले, तरी त्यांनी सोडलं नाही. मला सगळ्यात पटलं ते हेच. राजीनामा फेकून बाहेर बसणं कितीतरी सोपं होतं.

१९०० साली त्यांचं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक बाहेर आलं. ज्या विषयाने स्कॉलरशिप गेली होती, तोच विषय. आता ते हायकोर्टाचे जज्ज होते, कोण काय बंद करणार?

१६ जानेवारी १९०१ ला ते मुंबईत वारले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. मराठी घेऊन बसलेली पहिली मुलं त्यांना काही पाहायला मिळाली नाहीत.