विश्लेषण : हिंदीतला 'अ' मुंबईचा कसा? जावजी दादाजींच्या खिळ्यांची कहाणी

वाशी-नेरुळच्या बाजारातून चालताना दुकानांच्या मराठी पाट्या नीट पाहा. बऱ्याच ठिकाणी 'ल'ला पाकळी नसते, तो दांडीचा असतो. 'श'ही हिंदी वळणाचा असतो. भाषा मराठी, पण अक्षर उत्तरेचे. दीडशे वर्षांपूर्वी प्रवास उलट दिशेने झाला होता. मुंबईचे 'अ', 'झ' आणि 'ण' उत्तरेकडे गेले आणि पुढे हिंदीनेही ते प्रमाण मानले. या प्रवासात काळबादेवीच्या एका छापखान्याचा वाटा फार मोठा होता. त्याचे नाव 'निर्णयसागर', आणि मालक होते जावजी दादाजी चौधरी.

दोन रुपये महिना

जावजींचा जन्म १८३९चा. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण जेमतेम. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले. पगार महिना दोन रुपये. साच्यातून निघालेल्या खिळ्याला शेपटीसारखा जादा धातू चिकटलेला असतो. तो मोडायचा आणि खिळ्याच्या बाजू दगडावर घासून सपाट करायच्या. काम हलके समजले जाई, पण एक खिळा केसभर जाड राहिला तरी अख्खी ओळ वाकते, हे तिथेच कळते. या छापखान्यात टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे सुधारण्याच्या खटपटीत होते. पोरवयातल्या जावजींना यापेक्षा चांगली शाळा मिळाली नसती.

पुढे 'टाइम्स', 'इंदुप्रकाश' अशा छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. जोडीला राणोजी रावजी आरू होते. पोलादी ठशावर उलटे अक्षर कोरण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी विरळाच. आपण नाव जावजींचे घेतो. अक्षरांचे देखणेपण मात्र बरेचसे आरूंच्या कानसीचे आहे.

अक्षर कसे घडते?

रोमन लिपीतल्या पारंपरिक टाइपात अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असतात. लंडनच्या 'टाइम्स'साठी १९३२ मध्ये वापरात आलेला 'टाइम्स न्यू रोमन' हे त्याचे घरोघरी पोचलेले उदाहरण. देवनागरीत असे पाय नाहीत. आधार शिरोरेषेचा, आणि सौंदर्य तिरक्या कापलेल्या बोरूतून येणाऱ्या जाड-बारीक रेषेचे. निर्णयसागरच्या खिळ्यांनी ही बोरूची लय धातूत जपली.

अडचण संख्येची होती. इंग्रजीचे काम शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागते. देवनागरीला काना-मात्रा, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे धरून काही शे खिळे लागतात. 'कार्त्स्न्य' हा एक शब्द जुळवताना जुळाऱ्याच्या कपाळाला घाम येई. ठसा पोलादात कोरायचा, तो तांब्यावर ठोकून साचा करायचा, साच्यात शिसे, कथील आणि अँटिमनीचा रस ओतायचा. आणि हे प्रत्येक अक्षरासाठी, प्रत्येक आकारात. मोठा मूळ श्लोक, खाली बारीक टीका, त्याखाली आणखी बारीक पाठभेद, आणि तरी सारे स्वच्छ वाचता येते, अशी पाने या खटपटीतून निघाली.

मग अक्षर उत्तरेत कसे गेले?

पुस्तकांच्या पाठीवर बसून. १८८१ मध्ये मुलांसाठी 'बालबोध' मासिक सुरू झाले. विनायक कोंडदेव ओक संपादक आणि छपाई निर्णयसागरची. पण दूरवर गेले ते संस्कृत ग्रंथ. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ मध्ये 'काव्यमाला' सुरू झाली आणि पोथ्यांत अडकलेली काव्ये छापून बाहेर पडू लागली. ती घेणारे शास्त्री-पंडित मराठी मुलखापुरते नव्हते. तिकडे 'अ', 'झ' आणि 'ण' वेगळ्या वळणाने लिहीत. जुना 'ण' तर 'रा'सारखा दिसून वाचणाऱ्याला फसवी. छापील संस्कृत निर्दोष हवे तर ते मुंबईचे, असा लौकिक झाला आणि ग्रंथाबरोबर अक्षरही डोळ्यांत बसले. हे कोणत्याही सरकारी फर्मानाने झाले नव्हते.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी गेले, तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती. कारखाना पुत्र तुकाराम जावजी यांनी पुढे नेला.

आज प्रश्न काय?

आता तुर्भे-महापे पट्ट्यातल्या छापखान्यांत रोजची वृत्तपत्रे छापली जातात, पण खिळा तिथे औषधालाही सापडायचा नाही. अक्षर फाँटमधून येते. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवला आहे. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. कोणता आकार दिसणार, हे फाँट बनवणारा ठरवतो. संगणकांतून वर्षानुवर्षे वापरात असलेल्या 'मंगल'सारख्या फाँटांनी हिंदी रूप मूळ धरले आणि पाट्या रंगवणाऱ्यांनी तेच उचलले. फाँटमध्ये मराठी रूप स्वतंत्र रेखून ठेवलेले असेल आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली, तरच पाकळी दिसते. पाटीचा नमुना मंजूर करण्याआधी दुकानदाराने एवढे दोन आकार तपासले, तरी काम होते.