जखम दाखवली, मागणी लपवली

मोर्चा निघाला की वाहिन्यांची बातमी ठरलेली असते. वाहतूक किती तास अडली, काच कुठे फुटली, पोलिसांनी लाठी कधी उगारली. मोर्चा कशासाठी निघाला आणि निवेदनात कोणती मागणी होती, याला मात्र पडद्यावर जागा मिळत नाही. ही रीत आजची नाही आणि केवळ आपल्या देशातलीही नाही. अमेरिकेत टीव्ही घराघरांत पोहोचला, त्याच काळात तिथला कृष्णवर्णीय समाज मताच्या हक्कासाठी लढत होता. त्या लढ्यातील एका शेतमजूर स्त्रीचे आयुष्य पाहिले, तर कॅमेरा शोषितांकडे कधी वळतो आणि कधी तोंड फिरवतो हे नीट समजते. त्या स्त्रीचे नाव फॅनी लू हेमर.

हेमर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी मिसिसिपी राज्यात झाला. वीस भावंडांतले त्या शेंडेफळ. आईबाप गोऱ्या मळेवाल्याची जमीन बटाईने कसत. सहाव्या वर्षी मालकाने खाऊचे आमिष दाखवून या पोरीला कापूस वेचायला लावले आणि घरचे कर्ज फेडता फेडता शाळा सुटली ती कायमची. पुढे लग्न झाले. वाचता-लिहिता येते म्हणून मळ्यावर मजुरांची हजेरी आणि कापसाचे वजन मांडण्याचे काम मिळाले. १९६१ मध्ये गाठ काढण्यासाठी त्या रुग्णालयात गेल्या, तर डॉक्टरांनी त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकले. गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत हे तिथे सर्रास घडत होते. याची बातमी कोण करणार?

१९६२ च्या ऑगस्टमध्ये गावातल्या चर्चमध्ये चळवळीच्या तरुणांची सभा झाली. आपल्यालाही मत देता येते, हे हेमर यांना वयाच्या ४४ व्या वर्षी पहिल्यांदा कळले. ३१ ऑगस्टला १८ जण बसने इंडियानोला या जिल्ह्याच्या गावी नाव नोंदवायला गेले. तिथे राज्यघटनेतील एक किचकट कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायला सांगण्यात आला. कृष्णवर्णीयांना नापास करण्यासाठीच ती परीक्षा होती. मिसिसिपीत त्यावेळी शंभर प्रौढ कृष्णवर्णीयांमागे सात जणांचीही नावे मतदारयादीत नव्हती. बस परत आली तेव्हा मळेवाला दारातच होता. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असे त्याने बजावले. अठरा वर्षांची चाकरी एका रात्रीत संपली. जून १९६३ मध्ये विनोना गावच्या तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांनाच त्यांना मारायला लावले. त्या मारहाणीने मूत्रपिंड आणि डोळा कायमचा अधू झाला. तिथे कॅमेरा नव्हता.

कॅमेरा आला तो २२ ऑगस्ट १९६४ रोजी. डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन अटलांटिक सिटीत भरले होते. मिसिसिपीचे अधिकृत शिष्टमंडळ निव्वळ गोऱ्यांचे होते. त्याला आव्हान द्यायला हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी उभी करून आपले ६८ प्रतिनिधी आणले होते. छाननी समितीपुढे हेमर बोलायला बसल्या. बस, मळा, तुरुंग, सगळे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. देश टीव्हीवर ऐकत होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना दक्षिणेतील गोरी मते जाण्याची धास्ती वाटली. त्यांनी घाईघाईने पत्रकारांसमोर येण्याचे ठरवले आणि वाहिन्यांचे कॅमेरे एका शेतमजूर बाईवरून उठून व्हाईट हाऊसकडे गेले. जॉन्सन यांच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. पण सत्ता केवळ खाकरली तरी ती बातमी असते, हे त्या दिवशी दिसले.

जॉन्सन यांचा डाव उलटला. त्याच रात्री वाहिन्यांनी हेमर यांची साक्ष पुन्हा दाखवली, तीही अधिक लोक टीव्हीपुढे असताना. समितीकडे तारांचा पाऊस पडला. इथपर्यंतची कथा टीव्हीच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. पण तीन दिवसांनी काय घडले ते कमी सांगितले जाते. पक्षाने मिसिसिपीच्या नव्हे, तर सर्वसाधारण अशा दोन जागा देऊ केल्या. त्यांवर कोणी बसायचे हेही वरूनच ठरले आणि त्यात हेमर यांचे नाव नव्हते. पुणे कराराचा इतिहास जाणणाऱ्या वाचकांना यातली मेख समजावून सांगायला नको. बोलणी चालू होती, तोच टीव्हीवर झळकले की तडजोड मान्य झाली. ज्यांच्या नावाने तडजोड झाली त्यांना कोणी विचारलेही नव्हते. त्यांनी ती ठामपणे नाकारली, तेव्हा कालच्या पीडित बायाबापड्या एकाएकी हेकेखोर ठरल्या. जखम दाखवताना ज्यांना सहानुभूती मिळाली, त्यांना हिस्सा मागताना मिळाली नाही.

१९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात हेमर अधिकृत प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसल्या. पण मत मिळाले तरी पोट मळेवाल्याच्याच हाती आहे, हे त्यांनी ओळखले होते. १९६९ मध्ये त्यांनी देणग्या जमवून ४० एकरांवर सहकारी शेती सुरू केली आणि पुढे ती ६०० एकरांवर नेली. गरीब कुटुंबांना डुकराची मादी पाळायला द्यायची आणि तिच्या पिलांतून परतफेड घ्यायची, अशी बँकही काढली. जमीन, अन्न आणि घर हीच खरी मुक्ती, असा त्यांचा हिशेब होता. या कामाकडे कॅमेरे क्वचितच फिरकले. पैशाअभावी शेती बुडाली आणि १४ मार्च १९७७ रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी हेमर वारल्या.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. कित्येक आठवडे बहुतेक वाहिन्यांना ती मोठी बातमी वाटली नाही. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कॅमेरे धावले आणि जाळपोळीची दृश्ये दिवसभर फिरली. न्यायाची मागणी धुरामागे गेली.

मग करायचे काय? उत्तर मिसिसिपीतच आहे. जॅक्सन शहरातील डब्ल्यूएलबीटी हे टीव्ही केंद्र कृष्णवर्णीयांची बाजू पडद्यावर येऊच देत नसे. मार्च १९६४ मध्ये स्वयंसेवकांनी आठवडाभर त्याच्या कार्यक्रमांची टिपणे काढली, तक्रार केली, खटला नेटाने लढवला. १९६९ मध्ये न्यायालयाने केंद्राचा परवाना रद्दबातल ठरवला. आपल्याकडेही काय दाखवले आणि काय गाळले याची नोंद तारीखवार ठेवणारे कार्यकर्ते हवेत. बाबासाहेबांनी १९२० मध्ये मूकनायक काढला, तो आपली मागणी दुसऱ्याच्या तोंडून मांडली जाणार नाही हे ओळखून. कॅमेरा आला नाही म्हणून मोर्चा थांबू नये, आणि आला तर फलकावरची मागणी त्याच्यासमोर आधी धरावी.