‘एफई ५०० डी’ सळई आणि लंडनचा कारकून

स्लॅबसाठी सळई घेताना ‘एफई ५००’ घ्यावी की ‘५०० डी’? दोन्हींची किमान यील्ड ताकद ५०० मेगापास्कलच. पण साध्या ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतो, ‘डी’मध्ये ०.०४०पर्यंतच. फॉस्फरस वाढला की पोलाद ठिसूळ होते.

तो काढण्याचा मार्ग सिडनी गिलख्रिस्ट थॉमस यांनी शोधला. जन्म १८५०, लंडन. वडील गेल्याने शिक्षण सुटले. पोलीस कोर्टात कारकुनी आणि संध्याकाळी रसायनशास्त्राचे वर्ग सुरू झाले. मामेभाऊ पर्सी वेल्समधील लोखंड कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. भट्टीला चुनायुक्त अस्तर दिल्यास फॉस्फरस स्लॅगमध्ये जातो, हे दोघांनी तिथे प्रयोगांतून दाखवले. त्यामुळे युरोपातले फॉस्फरसयुक्त खनिजही पोलादासाठी चालू लागले.

फुप्फुसाच्या आजाराने १८८५ मध्ये, ३४व्या वर्षी थॉमस गेले. भूकंपात सळईने तुटण्याआधी ताण सोसावा लागतो. म्हणूनच बिलावरचा ‘डी’ तपासा.