विश्लेषण : चेंडू घेऊन फक्त धावत राहिले, तर गुणांचा पाऊस पाडणाऱ्या संघाला हरवता येते? व्हिन्स लोम्बार्डी यांचे आयुष्य काय सांगते?

अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल संपतो, तेव्हा भारतात सोमवारची सकाळ झालेली असते. विजेता संघ जो चांदीचा चषक उंचावतो, त्याला व्हिन्स लोम्बार्डी यांचे नाव आहे. हे प्रशिक्षक १९७० मध्ये गेले. आज हा खेळ लांब पल्ल्याच्या पासवर आणि भरमसाट गुणांवर चालतो. लोम्बार्डींची ओळख मात्र उलटी होती. चेंडू हातात धरायचा, धावायचे आणि पाच-सहा यार्ड पुढे सरकायचे, अशी त्यांच्या संघाची पद्धत होती. या पद्धतीने जास्त गुण करणाऱ्या संघांना खरेच हरवता येते का, हा प्रश्न या खेळात आजही विचारला जातो. लोम्बार्डींच्या कारकीर्दीत त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

धावते आक्रमण म्हणजे काय?

या खेळात आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पुढे जाण्याचे दोन मार्ग आहेत. क्वार्टरबॅकने चेंडू लांब फेकायचा किंवा धावणाऱ्या खेळाडूच्या हातात द्यायचा. पास यशस्वी झाला तर एका झटक्यात तीस-चाळीस यार्ड मिळतात, पण चेंडू जमिनीवर पडण्याची किंवा प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागण्याची भीती असते. धावण्यात यार्ड थोडे मिळतात, पण धोका कमी.

यात घड्याळाचाही भाग आहे. पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबते. धावणारा खेळाडू मैदानाच्या आत पकडला गेला तर ते चालूच राहते. त्यामुळे सतत धावणारा संघ ६० मिनिटांच्या सामन्यातील बराच वेळ खाऊन टाकतो आणि समोरचा तगडा क्वार्टरबॅक बाकावर बसून राहतो.

इथे एक गफलत नेहमी होते. दोन्ही संघांना चेंडू आलटून पालटून मिळतो. वेळ खाल्ला तर प्रतिस्पर्ध्याच्या पाळ्या कमी होतात, तशा आपल्याही होतात. म्हणून घड्याळ पळवणे ही स्वतःहून आघाडी नसते. कमी झालेल्या पाळ्यांमध्ये आपण गुण केले आणि समोरच्याला करू दिले नाहीत, तरच त्या वेळेला किंमत येते. लोम्बार्डी हे एका पराभवातून शिकले.

कसायाचा मुलगा प्रशिक्षक कसा झाला?

व्हिन्स लोम्बार्डी यांचा जन्म ११ जून १९१३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. घराणे इटालियन, वडिलांचा मांसविक्रीचा धंदा, पाच भावंडांत हे थोरले. धर्मगुरू व्हायचे म्हणून काही काळ त्यांनी तसे शिक्षणही घेतले, पण ती वाट सोडली. फोर्डहॅम विद्यापीठात ते गार्ड म्हणून खेळले. गार्ड म्हणजे धावणाऱ्या खेळाडूसाठी वाट मोकळी करून देणारा, अंगावर मार घेणारा आणि गुणफलकावर कधीच न दिसणारा गडी. फोर्डहॅमच्या सात जणांच्या त्या अभेद्य फळीला वर्तमानपत्रांनी ग्रॅनाइटच्या सात शिळा असे नाव दिले होते. लोम्बार्डी त्यांतले एक. पुढे त्यांनी जे काही रचले, ते अशा फळीभोवतीच रचले.

१९३९ मध्ये ते न्यू जर्सीतील सेंट सिसिलिया शाळेत रुजू झाले. लॅटिन, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी मुलांकडून फुटबॉलचा सराव करून घ्यायचा, असा क्रम होता. वर्गातल्या मंद मुलाला समजेपर्यंत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची ही शिक्षकी सवय त्यांना मैदानावरही कामी आली. १९४९ पासून वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत ते रेड ब्लेक यांचे सहायक होते. सामन्यांचे चित्रीकरण बारकाईने पाहायचे आणि डावपेच मोजके ठेवायचे, हे ते तिथे शिकले.

१९५४ मध्ये ते न्यू यॉर्क जायंट्स संघात आले. मुख्य प्रशिक्षक जिम ली हॉवेल होते. आक्रमण लोम्बार्डींकडे आणि बचाव टॉम लँड्री यांच्याकडे होता. १९५६ मध्ये जायंट्सनी विजेतेपद मिळवले. तरीही कोणत्याही व्यावसायिक संघाने लोम्बार्डींना मुख्य प्रशिक्षक केले नाही. ती संधी १९५९ च्या सुरुवातीला आली. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते आणि संघ होता ग्रीन बे पॅकर्स. जेमतेम ६३ हजार वस्तीच्या गावाचा, गावकऱ्यांच्याच मालकीचा आणि आदल्या हंगामात १२ पैकी अवघा एक सामना जिंकलेला.

त्यांचा हुकमी डाव कोणता होता?

त्याचे नाव पॉवर स्वीप. चेंडू हाती आला की दोन्ही गार्ड, म्हणजे जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन, आपली जागा सोडून एका बाजूला धावत सुटायचे. त्यांच्या मागून पॉल हॉर्नंग चेंडू घेऊन निघायचा. दुसरा धावपटू जिम टेलर हाही वाट मोकळी करायला पुढे असे. हॉर्नंगने ठरलेल्या रेषेत धावायचे नव्हते. बचाव करणारा बाहेर ढकलला गेला तर आतून शिरायचे, आत ढकलला गेला तर बाहेरून वळायचे, जिथे उजेड दिसेल तिथे घुसायचे.

या डावात गुपित काहीच नव्हते. प्रतिस्पर्ध्याला तो येणार हे माहीत असे. पण अकरा जणांची पावले इतकी घोटलेली असत की माहीत असूनही तो अडवता येत नसे. या एकाच डावावर लोम्बार्डी आठ तास व्याख्यान देत, अशी आठवण पुढे स्वतः नामांकित प्रशिक्षक झालेले जॉन मॅडन सांगत असत.

माणसेही त्यांनी अशीच घडवली. हॉर्नंग महाविद्यालयात नावाजलेला क्वार्टरबॅक होता, त्याला त्यांनी धावपटू केले. १९६० मध्ये त्याने १२ सामन्यांत १७६ गुण केले आणि तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. बार्ट स्टार हा १७व्या फेरीत निवडलेला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला क्वार्टरबॅक. त्याच्याकडे संघाची सूत्रे आली. लोम्बार्डींची शिस्त कडक होती. दिलेल्या वेळेच्या १५ मिनिटे आधी जो आला नाही, तो उशिरा आला असे ते धरत. कृष्णवर्णीय खेळाडूंना दुजाभाव दाखवणाऱ्या गावातल्या हॉटेलांत संघातल्या कोणीच जायचे नाही, असा त्यांचा दंडक होता.

पहिला धडा कुठे मिळाला?

दुसऱ्याच हंगामात पॅकर्स अंतिम सामन्यात पोहोचले. २६ डिसेंबर १९६० रोजी फिलाडेल्फियात समोर ईगल्स होते, नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन या कसलेल्या क्वार्टरबॅकच्या पासवर चालणारा संघ. धावण्याची योजना कागदावर उत्तम जमली. पॅकर्सनी ४०१ यार्ड कमावले, ईगल्सनी २९६. टेलरने एकट्याने शंभराहून अधिक यार्ड धाव घेतली. निकाल मात्र ईगल्स १७, पॅकर्स १३.

सुरुवातीलाच पॅकर्सना ईगल्सच्या गोलरेषेजवळ चेंडू मिळाला होता. चौथ्या प्रयत्नात फील्ड गोल मारून तीन गुण घेता आले असते. लोम्बार्डींनी पुन्हा धावायला सांगितले आणि बचावफळीने धावपटूला अडवले. नंतरही एकदा चौथ्या प्रयत्नात तेच झाले. शेवटच्या क्षणी चक बेडनारिकने टेलरला गोलरेषेच्या काही पावले अलीकडे पाडले आणि त्याच्या अंगावर बसून राहिला. तेवढ्यात वेळ संपली. पराभव चार गुणांचा होता. यार्ड मोजून सामना जिंकता येत नाही, हे त्या दिवशी लोम्बार्डींना कळले. त्यानंतर बाद फेरीतला एकही सामना ते हरले नाहीत.

गुणांचा पाऊस पाडणाऱ्या जायंट्सना कसे रोखले?

खरी कसोटी ३० डिसेंबर १९६२ रोजी होती. स्थळ न्यू यॉर्कचे यँकी स्टेडियम, समोर लोम्बार्डींचाच जुना संघ. जायंट्सनी त्या हंगामातील १४ सामन्यांत ३९८ गुण केले होते. त्यांचा क्वार्टरबॅक वाय. ए. टिटल याने ३३ टचडाउन पास टाकून लीगचा तेव्हाचा विक्रम मोडला होता. त्यातले सात तर एकाच सामन्यातले. पॅकर्सही दुबळे नव्हते. त्यांचे ४१५ गुण झाले होते, पण त्यांची वाट वेगळी होती. टेलरने त्या हंगामात १,४७४ यार्ड धाव घेऊन १९ टचडाउन केले होते.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि सोसाट्याचा वारा सुटला होता. मैदानात ग्रीन बेच्या लोकसंख्येपेक्षा जास्त, ६४ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. वाऱ्यात टिटलचे पास भरकटू लागले. टेलरला वाऱ्याशी देणेघेणे नव्हते. तो ३१ वेळा चेंडू घेऊन जायंट्सच्या अंगावर गेला. सॅम हफ आणि त्याच्या साथीदारांनी त्याला प्रत्येक वेळी आपटले. मध्यंतरात त्याच्या कोपराला टाके घालावे लागले. ३१ धावांत ८५ यार्ड, म्हणजे एका धावेत तीन यार्डांपेक्षाही कमी. आकड्यात हे काहीच नाही. पण त्यातलीच एक सात यार्डांची धाव पॅकर्सचा एकमेव टचडाउन ठरली.

बाकीचे गुण या वेळी सोडले नाहीत. हॉर्नंग दुखापतीमुळे किक मारू शकत नव्हता. गार्ड जेरी क्रेमरने ती जबाबदारी घेतली आणि त्या वाऱ्यात तीन फील्ड गोल मारले. दोन वर्षांपूर्वी ज्या तीन गुणांकडे पाठ फिरवली होती, तेच आता तीनदा खिशात घातले गेले. बचावात रे निट्श्केने प्रतिस्पर्ध्यांच्या हातून सुटलेला चेंडू दोनदा ताब्यात घेतला आणि सामनावीर ठरला. पॅकर्स १६, जायंट्स ७. जायंट्सचा एकमेव टचडाउनही त्यांच्या आक्रमणाचा नव्हता. पॅकर्सची किक अडवून तो मिळाला होता. ३३ टचडाउन पास टाकणाऱ्या टिटलला त्या दिवशी एकही टाकता आला नाही.

म्हणजे धावण्याने जिंकता येते, हे सिद्ध झाले?

अर्धेच. २ जानेवारी १९६६ रोजी चिखलाने भरलेल्या मैदानावर पॅकर्सनी क्लीव्हलँड ब्राउन्सना २३-१२ असे हरवले. त्या हंगामात ब्राउन्सचे ३६३ गुण होते, पॅकर्सचे ३१६. हॉर्नंगने १०५ आणि टेलरने ९६ यार्ड धाव घेतली. तिसऱ्या सत्रात ९० यार्डांची लांबलचक चढाई करून हॉर्नंगने टचडाउन केला. ब्राउन्सचा महान धावपटू जिम ब्राउन ५० यार्डांवर अडकला. लीगमधला तो त्याचा शेवटचा सामना ठरला. इथेही पॅकर्सची धाव आणि पॅकर्सचा बचाव हे एकाच योजनेचे दोन भाग होते.

पण पुढच्याच वर्षी चित्र बदलले. धावपटूंचे वय वाढले, पाय जड झाले. १ जानेवारी १९६७ रोजी समोर डॅलस काउबॉइज होते. हंगामात ४४५ गुण करणारा हा संघ जायंट्समधले जुने सहकारी टॉम लँड्री यांचा होता. इथे लोम्बार्डी धावण्याला चिकटून बसले नाहीत. स्टारने चार टचडाउन पास टाकले आणि पॅकर्स ३४-२७ असे जिंकले. दोनच आठवड्यांनी पहिल्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सना ३५-१० असे हरवतानाही स्टारच्या पासनीच वाट काढली. धावणे हे लोम्बार्डींसाठी साधन होते, व्रत नव्हते.

पुन्हा तोच निर्णय, निकाल उलटा

३१ डिसेंबर १९६७. ग्रीन बेमध्ये उणे २५ अंश सेल्सियस तापमान, मैदान बर्फासारखे घट्ट. काउबॉइज १७-१४ असे पुढे. पॅकर्सनी शेवटच्या पाच मिनिटांत ६८ यार्डांची चढाई सुरू केली आणि १६ सेकंद उरले असताना गोलरेषेपासून हाताच्या अंतरावर पोहोचले. थांबवण्यासाठी एकही टाइमआउट शिल्लक नाही. फील्ड गोल मारला तर बरोबरी आणि जादा वेळ. धाव फसली तर दुसरी संधी मिळणे जवळजवळ अशक्य.

१९६० मध्ये तीन गुण सोडल्याचा पश्चात्ताप झालेला हा माणूस या वेळीही धावण्याच्याच बाजूने उभा राहिला. स्टारने चेंडू कोणाला न देता स्वतःच क्रेमरच्या आडोशाने उडी घेतली. पॅकर्स २१-१७ असे जिंकले. हा हट्ट नव्हता. त्या थंडीत जादा वेळ खेळणे आणि निसरड्या जमिनीवरून किक मारणे, दोन्ही धोक्याचेच होते. दोन आठवड्यांनी ओकलंड रेडर्सना ३३-१४ असे नमवून पॅकर्सनी दुसरा सुपर बोलही जिंकला.

शेवट कसा झाला?

सात वर्षांत पाच विजेतेपदे मिळवून लोम्बार्डींनी १९६८ मध्ये पॅकर्सचे प्रशिक्षकपद सोडले. मैदानाबाहेर करमेना म्हणून १९६९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या संघाकडे गेले. १९५५ नंतर या संघाचा एकही हंगाम विजयांकडे झुकला नव्हता. लोम्बार्डींच्या हाताखाली त्याने सात सामने जिंकले, पाच हरले आणि दोन बरोबरीत सोडवले. पुढच्या हंगामाची तयारी चालू असताना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे कळले. ३ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या ५७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुपर बोलच्या चषकाला त्यांचे नाव देण्यात आले.

मग उत्तर काय?

धावते आक्रमण जास्त गुण करणाऱ्या संघाला हरवू शकते, पण तीन अटींवर. आपला बचाव समोरच्याच्या कमी झालेल्या पाळ्याही वाया घालवणारा हवा. लांब चढाईच्या शेवटी टचडाउन नाही तर निदान तीन गुण पदरात पडायला हवेत. आणि पिछाडीवर पडल्यावर किंवा पाय थकल्यावर पास टाकू शकणारा क्वार्टरबॅक हवा. १९६० मध्ये दुसरी अट मोडली आणि लोम्बार्डी हरले. १९६२ मध्ये पहिल्या दोन पुरेशा ठरल्या. १९६६ च्या हंगामात तिसरी कामी आली. वारा, चिखल, बर्फ यांची मदत झाली हे खरे, पण ते दोन्ही संघांसाठी सारखेच होते. त्या हवेतही जमेल असा एक डाव घोटून ठेवणारा संघ त्यांच्यात एकच होता.