मायकेल फॅरडे

लंडन शहरात दिनांक २२ सप्टेंबर १७९१ रोजी एका गरीब लोहाराच्या घरी मायकेल फॅरडे यांचा जन्म झाला. वडील नेहमी आजारी असत. त्यामुळे घरात सदैव ओढगस्त असे. १८०१ साली धान्य फार महागले. तेव्हा लहानग्या मायकेलच्या वाट्याला एकच पाव येई आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब, एवढेच त्याचे शालेय शिक्षण.

पुढे तो एका पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणी शिकू लागला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो नुसती शिवीत नसे, वाचीतही असे. विश्वकोशातील विजेवरील लेखाने त्याचे मन वेधून घेतले. १८१२ साली एका गिऱ्हाइकाच्या कृपेने त्याला सर हंफ्री डेव्ही या थोर रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकावयास मिळाली. त्यांची टिपणे त्याने सुवाच्य लिहिली, स्वहस्ते बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. दुसऱ्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींचा मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली.

१८२१ साली फॅरडे यांनी विजेच्या साहाय्याने लोहचुंबकाभोवती तार फिरवून दाखविली. परंतु यशाबरोबर अपयशापेक्षाही कठीण असा प्रसंग ओढवला. वोलस्टन नावाच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची कल्पना फॅरडेंनी चोरली, अशी कुजबुज सुरू झाली. फॅरडेंनी आदळआपट केली नाही. वोलस्टन यांनाच पत्र लिहून त्यांनी आपली बाजू नम्रपणे मांडली. १८२४ साली रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून त्यांची निवड व्हावयाची होती, तेव्हा खुद्द डेव्हींनीच विरोध केला. तरीही ते निवडून आले. आणि डेव्हींविषयीची कृतज्ञता त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१८३१ साली त्यांनी चुंबकापासून वीज निर्माण करता येते, हे सिद्ध केले. त्यानंतर ते वीज वाहून न नेणाऱ्या पदार्थांकडे वळले. टर्पेंटाइनच्या तेलात त्यांनी रेशमाचे बारीक तुकडे टाकले व विजेचा भार दिला. तेव्हा ते तुकडे एकापुढे एक जुळून त्यांच्या रांगा बनल्या. असल्या तेलात विजेमुळे प्रवाह उत्पन्न होतात, हेही त्यांनी पाहिले. विजेचे बल केवळ तारेत नसून भोवतालच्या जागेतही पसरलेले असते, असे त्यांनी प्रतिपादिले. उच्च गणित त्यांना येत नव्हते. या विचाराला गणिताचे रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिले.

चुलीवरील भांड्यात तळचे पाणी तापून हलके होते व वर चढते; वरचे थंड पाणी खाली येते. हे पृथ्वीच्या आकर्षणामुळे घडते. अवाहक तेल तापविले आणि त्याला तीव्र विद्युत्क्षेत्रात ठेवले, तर थंड तेल जेथे क्षेत्र प्रबळ तेथे अधिक जोराने ओढले जाते, ऊन तेल बाजूस सारले जाते आणि अभिसरण सुरू होते. म्हणून वजन न जाणवणाऱ्या अंतराळातही तेल फिरविता येते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २००८ साली दोन गोलांमधील सिलिकोन तेलावर असे प्रयोग सुरू झाले.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद फॅरडेंनी नम्रपणे नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी अगदी साधेपणाने झाला. गरिबी त्यांच्या ज्ञानाच्या आड आली नाही, आणि कीर्ती त्यांच्या नम्रतेच्या आड आली नाही.