धनंजयराव गाडगीळ : कर्जाचा निर्णय गावाजवळ आणू पाहणारा अर्थतज्ज्ञ

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात बोरी अरब हे गाव आहे. अशा गावातील कापूस उत्पादकाचे वर्ष मृगाच्या पावसावर अवलंबून असते. बियाणे, खते आणि मजुरी यांसाठी लागणारी रक्कम पेरणीपूर्वी हाती आली, तरच तिला पीककर्ज म्हणण्यात अर्थ असतो. तेच कर्ज श्रावणात मंजूर झाले, तर तोवर सावकाराचे दार ठोठावून झालेले असते. म्हणूनच कर्ज किती द्यावे याइतकाच ते कोणी आणि कोठे बसून मंजूर करावे, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर विचार केला, त्यांत प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव अग्रभागी आहे.

गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात झाल्यानंतर ते उच्च शिक्षणासाठी केंब्रिज विद्यापीठात गेले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि तरुण वयातच त्यांना मान्यता मिळाली. काही काळ सरकारी नोकरी आणि नंतर सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून १९३० मध्ये ते पुण्यास आले. त्या वर्षी स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी साडेतीन दशके वाहिली.

पुस्तकी सिद्धान्तांपेक्षा प्रत्यक्ष पाहणीवर त्यांचा भर होता. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याचा खर्च, उत्पन्न आणि कर्ज यांचे चित्र तालुक्या-तालुक्यात बदलते. त्यामुळे दूरच्या कचेरीत आखलेला एकच नियम सर्वत्र लागू पडत नाही, हे अशा पाहण्यांतून दिसत होते.

पुढे रिझर्व्ह बँकेने केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या मार्गदर्शक समितीचे ते सदस्य होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालातील आकडे डोळ्यांत अंजन घालणारे होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांनी घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा तर ०.९ टक्के होता. बाकी बहुतेक सारा व्यवहार सावकार, व्यापारी आणि नातेवाईक यांच्या हाती होता. सावकाराचे व्याज जाचक होते; मात्र तो ऋणकोला ओळखत होता आणि जागच्या जागी निर्णय देत होता. संस्थात्मक कर्जाला त्याची जागा घ्यायची असेल, तर हे दोन्ही गुण आत्मसात करणे भाग होते.

सहकारात गाडगीळ यांना हाच मार्ग दिसला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. ऊस पिकवणारा सभासदच कारखान्याच्या कारभारात सहभागी होऊ शकतो, हे तेथे सिद्ध झाले.

व्यापारी बँकांकडे ते वळले ते राष्ट्रीय पत परिषदेने १९६८ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाचे अध्यक्ष म्हणून. त्या वेळी ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही होते. देशातील २,७०० शहरांपैकी ६१७ शहरांत एकाही व्यापारी बँकेची शाखा नसल्याचे आणि एक टक्का खेड्यांपर्यंतही या बँका पोहोचल्या नसल्याचे अभ्यासगटास आढळले. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ऑक्टोबरमध्ये गाडगीळ अभ्यासगटाचा अहवाल आला. केवळ मालकी सरकारकडे गेल्याने सेवा सुधारत नाही, हे त्यामागील सूत्र होते. जिल्हा हे एकक मानून तेथील गरजांचा अभ्यास व्हावा आणि पतपुरवठ्याची योजना तेथेच तयार व्हावी, अशी क्षेत्रनिहाय दृष्टी त्यांनी मांडली. नरिमन समितीच्या शिफारशीनंतर डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना सुरू केली. तिच्यानुसार प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेकडे आली. यवतमाळ जिल्हा सेंट्रल बँक ऑफ इंडियाकडे गेला.

शाखा वाढल्या, जिल्हा पतयोजना तयार होऊ लागल्या. १९८९ पासून सेवाक्षेत्र पद्धतीने प्रत्येक ग्रामीण शाखेला ठराविक गावे वाटून देण्यात आली. आराखडा जिल्ह्यात आला, परंतु मंजुरीचे अधिकार त्याच प्रमाणात खाली उतरले असे म्हणता येत नाही. जिल्ह्याच्या बैठकीत उद्दिष्ट ठरते आणि शाखाधिकाऱ्याचा प्रस्ताव मात्र वरच्या कार्यालयाच्या सहीसाठी थांबतो. सारखी बदली होणाऱ्या अधिकाऱ्याला गावाची ओळख होण्यास वेळही मिळत नाही. अर्थात, अधिकार खाली देताना हिशेबाची कडक तपासणी हवीच. ती सुटली की स्थानिक हितसंबंध कसे शिरजोर होतात, हे महाराष्ट्रातील अनेक सहकारी संस्थांनी दाखवून दिले आहे.

२००६ मध्ये केंद्र सरकारला विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर करावी लागली. त्यांत यवतमाळही होते. या संकटाची कारणे अनेक आहेत. परंतु वेळेवर न मिळालेले कर्ज त्यांपैकी एक आहे, हे नाकारता येणार नाही.

नियोजन आयोगाची जबाबदारी सोडून पुण्याकडे परतत असताना ३ मे १९७१ रोजी गाडगीळ यांचे निधन झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे त्यांचे सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या बँकविषयक विचाराची कसोटी मात्र अहवालांत नाही. बोरी अरबच्या शेतकऱ्याचा अर्ज पेरणीपूर्वी निकाली निघतो की नाही, यावरच ती दरवर्षी नव्याने लागते.