न्या. जोसेफ स्टोरी : पुस्तकांच्या 'उचित वापरा'चे आद्य भाष्यकार

एखाद्या पुस्तकातील किती मजकूर विद्यार्थ्यांसाठी उतरवून द्यावा, यावरून अमेरिकेतील विद्यापीठे व प्रकाशक यांच्यात वाद झाला की न्यायालये 'उचित वापरा'ची कसोटी लावतात. तिचा उगम न्या. जोसेफ स्टोरी यांनी १८४१ मध्ये बोस्टन येथे दिलेल्या निकालात आहे. विशेष म्हणजे त्या खटल्यात हार पत्करावी लागली ती शालेय ग्रंथालयांसाठी पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकांना.

मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड या मच्छीमारांच्या गावी १८ सप्टेंबर १७७९ रोजी स्टोरी यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. १७९८ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते सेलम येथे वकिली करू लागले. १८११ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे ३२. इतक्या लहान वयाचा न्यायमूर्ती त्या न्यायालयावर नंतरही आला नाही.

१८२९ पासून ते हार्वर्डमध्ये कायदाही शिकवू लागले. हे अध्यासन नेथन डेन यांनी आपल्या कायदेविषयक ग्रंथाच्या उत्पन्नातून उभारले होते. पुढे राज्यघटनेवरील भाष्यासह (१८३३) स्टोरी यांनी एकामागून एक ग्रंथ लिहिले आणि त्यांतून त्यांना उत्तम प्राप्तीही झाली. म्हणजे लेखकाचा हक्क आणि शिक्षकाची गरज या दोन्ही बाजू त्यांना घरच्याच होत्या.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती त्या काळी प्रांतोप्रांतीच्या न्यायालयांतही बसत. तेथेच हा खटला त्यांच्यापुढे आला. जेरेड स्पार्क्स यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांची पत्रे व लेखन १२ खंडांत संपादित केले होते. चार्ल्स अपहॅम यांनी तरुण वाचकांसाठी वॉशिंग्टन यांचे दोन खंडांचे चरित्र रचले, तेही बव्हंशी चरित्रनायकाच्याच शब्दांत. त्याच्या ८६६ पानांपैकी ३५३ पाने स्पार्क्स यांच्या ग्रंथातून जशीच्या तशी घेतलेली होती. त्यातील ३१९ पानांवरील मजकूर स्पार्क्स यांनीच प्रथम उजेडात आणला होता.

पत्रे राष्ट्रपुरुषाची, तेव्हा ती साऱ्या राष्ट्राची, असा बचाव झाला. स्टोरी यांनी तो फेटाळला. समीक्षेसाठी उतारे घेता येतात किंवा प्रामाणिक संक्षेप करता येतो, हे त्यांना मान्य होते. मात्र कोणत्या हेतूने घेतले, किती आणि किती मोलाचे घेतले, त्याने मूळ ग्रंथाच्या विक्रीला धक्का बसतो का व नवे पुस्तक जुन्याची जागा घेते का, हे पाहिलेच पाहिजे, असे त्यांनी ठरविले. अपहॅम यांचा हेतू चांगला असल्याने निकाल विरोधात देताना त्यांना खेदही वाटला. पण चांगला हेतू पुरेसा ठरला नाही.

१९७६ च्या अमेरिकी कायद्यात ही सूत्रे थोड्या फरकाने कलमबद्ध झाली. भारतातील १९५७ च्या कायद्याने निराळी वाट धरून अपवादांची यादीच दिली. त्यामुळे दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या प्रकरणात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने किती पाने घेतली याऐवजी अध्यापनासाठी ती आवश्यक होती काय, यावर भर दिला.

न्यायासन सोडून पूर्ण वेळ अध्यापन करण्याची तयारी स्टोरी यांनी चालविली होती. ते व्हायच्या आतच १० सप्टेंबर १८४५ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.